एच.आय.व्ही. बाधितांची शुश्रूषा आणि सुरक्षित वर्तन

एखाद्या रोगावर गुणकारी औषध सापडले की त्या रोगाविषयीची भीती हळूहळू ओसरते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. एच.आय.व्ही.च्या बाबतीत मात्र तसे घडलेले नाही. या विषाणूस काबूत ठेवणारी औषधे शासकीय रुग्णालयांतून विनामूल्य मिळू लागल्यास वीस वर्षे होऊन गेली. ती नियमाने घेणारी माणसे शेती करतात, नोकरी करतात, संसार करतात आणि नातवंडेही पाहतात. तरीही गावात एखाद्याविषयी कुजबुज सुरू झाली की पाणवठ्यापासून पंगतीपर्यंत त्याची वाट अडविली जाते. परिणामी बाधित व्यक्ती रोग लपविते, उपचार टाळते आणि ज्या संसर्गाच्या भीतीने समाज तिला दूर लोटतो, तो संसर्ग पसरण्यास अधिकच वाव मिळतो. बाधितांना आधार देणे हा केवळ दयेचा विषय नसून इतरांच्या संरक्षणाचाही तो पाया आहे. या लेखाचा हेतू हा संबंध स्पष्ट करण्याचा आहे.

राष्ट्रीय पातळीवरील २०२३ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख व्यक्ती एच.आय.व्ही.सह जगत आहेत. त्यांपैकी चार लाखांच्या आसपास व्यक्ती महाराष्ट्रात असून ही संख्या देशातील कोणत्याही राज्यापेक्षा अधिक आहे. तेव्हा हा प्रश्न दूरच्या महानगरांचा आहे, अशी समजूत करून घेण्यास जागा नाही.

रोगाचे बदललेले स्वरूप

एड्स या रोगाची पहिली नोंद १९८१ मध्ये अमेरिकेत झाली आणि १९८३ मध्ये पॅरिस येथील पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधून काढला. भारतात हा विषाणू असल्याचे १९८६ मध्ये चेन्नई येथे प्रथम निष्पन्न झाले. त्या शोधामागे डॉ. सुनीती सॉलोमन होत्या. चेन्नईत स्थायिक झालेल्या गायतोंडे या मराठी कुटुंबातील त्या कन्या. पुढे त्यांनी आपले उर्वरित आयुष्य याच रुग्णांच्या सेवेत वेचले.

प्रारंभीच्या काळात औषध नव्हते आणि भीतीचा अंमल मोठा होता. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात १९८९ मध्ये हा विषाणू आढळताच तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला ताब्यात घेण्यात आले व क्षयरोग्यांसाठी असलेल्या एका आरोग्यधामाच्या इमारतीत चौसष्ट दिवस एकटे ठेवण्यात आले. त्याच्या आईने न्यायालयात दाद मागितली. सुटका झाल्यावर त्याने बाधितांसाठी काम करणारी संस्था उभारली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. माणसाला कोंडून ठेवल्याने विषाणू कोंडला जात नाही, हा धडा देशाला या घटनेने दिला. चाचणीनंतर कोठडी मिळणार असेल, तर चाचणीस कोणीही आपण होऊन पुढे येणार नाही, हे उघड आहे.

१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत व दिल्लीत विषाणूरोधक औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईच्या ज. जी. रुग्णालयाचा समावेश होता. पूर्वी रोगप्रतिकारक पेशींची संख्या विशिष्ट पातळीखाली उतरल्यावरच औषध सुरू होत असे. २०१७ पासून ही अट काढून टाकण्यात आली असून निदान होताच प्रत्येकास औषध देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले आहे. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते.

ही औषधे विषाणूचा समूळ नाश करीत नाहीत. ती त्याची वाढ रोखतात. शरीराच्या काही पेशींत विषाणू दडून राहतो आणि औषध बंद होताच काही आठवड्यांत पुन्हा डोके वर काढतो. म्हणूनच हा उपचार जन्मभराचा आहे. मधुमेह किंवा रक्तदाब यांच्या उपचाराशी त्याची तुलना करता येईल.

औषधातून इतरांचेही संरक्षण

नियमित औषधाने रुग्णाचे आयुष्य वाढते, हे लवकरच लक्षात आले होते. त्याच औषधाने जोडीदाराचेही संरक्षण होते काय, हा प्रश्न पुढे आला. याचे उत्तर शोधण्यासाठी नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा अभ्यास करण्यात आला. प्रत्येक जोडप्यात एक जोडीदार बाधित व दुसरा निरोगी होता. आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे या अभ्यासात पुणे येथील तत्कालीन राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था व चेन्नई येथील केंद्र यांचा सहभाग होता, आणि भारतातील अनेक दांपत्ये त्यात स्वेच्छेने सामील झाली होती. ज्यांना औषध लवकर सुरू करण्यात आले, त्यांच्या जोडीदारांना होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.

त्यानंतर युरोपातील जोडप्यांच्या अभ्यासांतून आणखी स्पष्ट निष्कर्ष निघाला. ज्या बाधित व्यक्तीच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली गेले आहे आणि तसेच टिकून आहे, तिच्यापासून लैंगिक संबंधातून जोडीदारास संसर्ग होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये हे स्पष्टपणे मान्य केले.

मात्र येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली, औषध सुरू केल्यानंतर विषाणूंचे प्रमाण या पातळीस येण्यास सहा महिन्यांपर्यंत अवधी लागू शकतो. दुसरी, ते प्रमाण खरोखर खाली आले आहे किंवा नाही हे अंगलटीवरून वा चेहऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी ‘व्हायरल लोड’ ही रक्तचाचणी करावी लागते. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा ही चाचणी केली जाते. तिसरी, हे संरक्षण गोळीच्या नियमितपणावर अवलंबून आहे. खंड पडला की विषाणू वाढतो आणि वारंवार खंड पडत गेल्यास त्याच औषधास दाद न देणारा विषाणू निर्माण होण्याचा धोका असतो.

शुश्रूषेचे घटक

गोळी नियमित का चुकते, याचा शोध घेतला तर विस्मरणापेक्षा परिस्थितीच बहुधा कारणीभूत असल्याचे आढळते. घरात कोणास कळू नये म्हणून सून गोळ्यांची बाटली धान्याच्या कणगीत लपविते आणि पाहुणे असले की ती काढता येत नाही. मजुरी बुडते म्हणून केंद्रावर जाणे लांबणीवर पडते. दारूच्या सवयीने दिवसाचे भान राहत नाही. ऊसतोडणी कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात किंवा परराज्यात जातो आणि औषध मात्र गावाकडच्या केंद्रावर राहते. वृत्तपत्रातील ‘हमखास गुण’ देणाऱ्या जाहिरातीस भुलून एखादा शासकीय औषध सोडून देतो. या प्रत्येक अडचणीवर उपाय आहे, पण ती अडचण मोकळेपणाने सांगता येईल असे माणूस रुग्णाजवळ असावे लागते.

शुश्रूषेचा पहिला घटक असे विश्वासाचे माणूस होय. पती, पत्नी, बहीण, मित्र किंवा बाधितांच्या गटातील कार्यकर्ता यांपैकी कोणीही ते असू शकेल. ‘दादा, आज गोळी घेतली का?’ एवढे विचारणारा एक जण असला तरी पुष्कळ काम होते. गोळीची वेळ रोजच्या एखाद्या सवयीशी, उदाहरणार्थ रात्रीच्या जेवणाशी, जोडून द्यावी. स्थलांतर करणाऱ्यांनी जाण्यापूर्वी केंद्रास कळविल्यास, प्रकृती स्थिर असणाऱ्यांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे एकदम मिळू शकतात, किंवा कामाच्या ठिकाणच्या केंद्राकडे त्यांची नोंद वर्ग करता येते.

दुसरा घटक आहार व स्वच्छता. यासाठी महाग पदार्थांची गरज नाही. भाकरी, डाळ, उसळी, पालेभाजी, शेंगदाणे, शक्य असल्यास अंडी व दूध, आणि उकळून गार केलेले पाणी एवढे पुरेसे आहे. तिसरा घटक इतर रोगांवर लक्ष ठेवणे. बाधितांना क्षयरोगाचा धोका फार मोठा असतो. खोकला, ताप, वजनात घट व रात्री घाम येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तत्काळ तपासणी करून घ्यावी. क्षय नसल्याची खात्री झाल्यावर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषधही दिले जाते. बाधित स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांपेक्षा सहापट असल्यामुळे त्यांनी त्याची तपासणी नियमाने करून घेणे अगत्याचे आहे.

चौथा घटक मनाचा. निदान झाल्यानंतरचे पहिले काही महिने अतिशय कठीण जातात. अपराधीपणा, जोडीदाराविषयीचा राग, मुलांची चिंता आणि जीवनाचा कंटाळा यांनी मन ग्रासले जाते. अशा वेळी उपदेशापेक्षा सोबत अधिक उपयोगी पडते. ‘हे कसे झाले?’ हा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. ‘आता काय करू या?’ या प्रश्नापासून आरंभ करावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी भिण्याचे कारण नाही. स्पर्श, एकत्र जेवण, एकच शौचालय, खोकला, डास यांतून हा विषाणू पसरत नाही. रक्त किंवा जखमेतील स्राव हाताळताना हातमोजे वापरावेत व नंतर साबणाने हात धुवावेत. दाढीचे पाते व दात घासण्याचा ब्रश स्वतंत्र ठेवावा. एवढी दक्षता पुरेशी आहे.

सुरक्षित लैंगिक वर्तन

बाधित व्यक्तीने यापुढे लैंगिक जीवनाचा त्यागच करावा, असे अनेकांस वाटते. हा सल्ला वरकरणी नीतीचा वाटला तरी तो अव्यवहार्य आहे, आणि त्याचा परिणाम उलटाच होतो. जे करू नये म्हणून सांगितले जाते ते चोरून होते, आणि चोरून होणाऱ्या संबंधात काळजी घेतली जात नाही. त्याऐवजी संबंध सुरक्षित कसे राखावेत हे स्पष्ट शब्दांत सांगणे हितावह ठरते.

कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमातून १९६८ पासून ‘निरोध’ हे नाव महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. तेच साधन येथेही मोलाचे आहे. औषधाने विषाणू दबला असला तरी निरोधाची उपयुक्तता संपत नाही. परमा, उपदंश यांसारख्या लैंगिक संसर्गापासून व नको असलेल्या गर्भधारणेपासून गोळी संरक्षण देत नाही, ते निरोध देतो. पती-पत्नी दोघेही बाधित असतील, तर ‘आता काळजी कशाची?’ असा विचार होतो. परंतु एकाच्या शरीरातील औषधास न जुमानणारा विषाणू दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकतो, म्हणून विषाणूंचे प्रमाण दबल्याची खात्री होईपर्यंत त्यांनीही निरोध वापरणे श्रेयस्कर.

निरोध वापरताना त्यावरील मुदतीची तारीख पाहावी. तो उन्हात किंवा पाकिटात दिवसेंदिवस ठेवू नये. प्रत्येक वेळी नवा वापरावा. खोबरेल तेल, व्हॅसलीन यांसारखे तेलकट पदार्थ त्यास लावू नयेत, कारण त्यांनी रबर कमजोर होऊन फाटते. पाण्यात विरघळणारे वंगणच वापरावे. निरोध फाटल्यास निरोगी जोडीदाराने बहात्तर तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, शासकीय रुग्णालयात जावे. डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास अठ्ठावीस दिवसांचे प्रतिबंधक औषध सुरू करता येते.

निरोध वापरण्याचा निर्णय मात्र बहुतेक घरांत एकट्या स्त्रीच्या हाती नसतो. तिने आग्रह धरला की तिच्याच चारित्र्यावर संशय घेतला जातो. यास्तव समुपदेशन पतीसह झाले पाहिजे. सांगली येथे १९९२ पासून कार्यरत असलेल्या ‘संग्राम’ या संस्थेने व तिच्या प्रेरणेने १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘व्हॅम्प’ या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने या बाबतीत महत्त्वाचा अनुभव दिला आहे. ज्या स्त्रियांना समाज रोगाचे मूळ समजत होता, त्याच संघटित झाल्यावर निरोधाचा आग्रह धरू लागल्या व आपल्या भगिनींपर्यंत त्याचा प्रसार करू लागल्या. मान मिळाला की माणूस स्वतःची व दुसऱ्याचीही काळजी घेतो.

जोडीदारास सांगणे

या विषयातील सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे जोडीदारास रोगाविषयी सांगणे. न सांगितल्यास जोडीदार अंधारात राहतो आणि त्याची चाचणी होत नाही. एकदम सांगितल्यास घर मोडण्याची भीती वाटते. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रातील समुपदेशक यात साहाय्य करतात. काय सांगावे, कोणत्या वेळी सांगावे, याची ते आधी तयारी करून घेतात आणि इच्छा असल्यास दोघांना एकत्र बसवून तेच समजावून सांगतात.

कायद्यानेही येथे विवेकाची वाट धरली आहे. एच.आय.व्ही. आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार समुपदेशन झालेल्या बाधित व्यक्तीने दुसऱ्यास संसर्ग होऊ नये म्हणून वाजवी दक्षता घेणे तिचे कर्तव्य आहे. संसर्गाचा धोका कमी करणारे उपाय योजणे किंवा संबंधापूर्वी जोडीदारास कल्पना देणे यांचा त्यात समावेश होतो. मात्र सांगितल्यामुळे मारहाण, घराबाहेर काढले जाणे किंवा तत्सम गंभीर संकट ओढवेल अशी साधार भीती असलेल्या स्त्रीस या बाबतीत संरक्षण दिलेले आहे. डॉक्टर वा समुपदेशकही ठराविक अटी पाळूनच जोडीदारास सांगू शकतात. रुग्णास आधी समुपदेशन करावे लागते, तो स्वतः सांगणार नाही याची खात्री पटावी लागते आणि आपण सांगणार असल्याची कल्पना त्याला द्यावी लागते.

माता आणि बालक

अनेक स्त्रियांना आपल्या संसर्गाचा पत्ता गरोदरपणाच्या तपासणीतच लागतो. काहीही उपाय न केल्यास मातेकडून बालकास संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. मातेस वेळीच औषध व बालकास जन्मानंतर प्रतिबंधक औषध दिल्यास ते ५ टक्क्यांच्याही खाली आणता येते. म्हणून प्रत्येक गरोदर स्त्रीची चाचणी लवकर व्हावी, प्रसूती रुग्णालयातच व्हावी आणि स्तनपानाबाबत डॉक्टरांचा सल्ला घेतला जावा. बाधित दांपत्यास निरोगी मूल होऊ शकते, ही गोष्ट सुईणी, आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविका यांनी आवर्जून सांगण्यासारखी आहे.

कायद्याचे अभय

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच असा निर्णय दिला होता की, काम करण्यास समर्थ असलेल्या व्यक्तीस केवळ एच.आय.व्ही.च्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही. २०१७ च्या अधिनियमाने हे संरक्षण अधिक व्यापक केले. नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा व भाड्याचे घर यांबाबत भेदभाव करण्यास मनाई आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही व चाचणीचे फलित उघड करता येत नाही. शंभर किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेच्या बाबतीत वीस किंवा अधिक व्यक्ती असल्यास, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे. बाधितांविषयी द्वेष पसरविणाऱ्यास कारावासाची शिक्षा होऊ शकते. अठरा वर्षांखालील बाधित व प्रभावित मुलांना राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. आईबाप गमावलेल्या घरात बारा ते अठरा वर्षांचे समंजस मोठे भावंड शाळाप्रवेश, उपचार यांसारख्या कामी धाकट्यांचे पालक म्हणून उभे राहू शकते. विधवा सुनेस घराबाहेर काढले जात असेल, तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा तिच्या मदतीस येतो.

गावपातळीवरील कर्तव्य

या सर्व तरतुदी कागदावरून माणसापर्यंत पोहोचविणे हे शेवटी स्थानिक कार्यकर्त्यांच्याच हाती आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावयाची पहिली गोष्ट गोपनीयतेची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ एच.आय.व्ही. बाधितांना मिळू शकतो, आणि बालसंगोपन योजनेतून त्यांच्या मुलांना साहाय्य होऊ शकते. परंतु अर्ज केल्याने गावभर बोभाटा होणार असेल, तर गरजू व्यक्ती अर्जच करणार नाही. चावडीवर यादी लावताना नावापुढे रोगाचा उल्लेख करू नये. ग्रामसभेत अथवा इतिवृत्तात त्याची चर्चा वा नोंद होऊ नये. कागदपत्रे हाताळणाऱ्या प्रत्येकास याची समज द्यावी.

शिक्षकांनी जाणून घ्यावे की, बाधित मुलास प्रवेश नाकारता येत नाही आणि त्यास वेगळे बसविणे हाही भेदभावच होय. एखाद्या पालकाने विश्वासाने माहिती सांगितली, तर ती शिक्षकापाशीच राहिली पाहिजे. केंद्रावर जाण्यासाठी मूल गैरहजर राहिल्यास वर्गात कारण विचारू नये. वरच्या वर्गांतील मुलामुलींना शरीरविज्ञानाच्या अनुषंगाने या विषयाची शास्त्रीय माहिती द्यावी. शाळेत मिळाली नाही तर ती अर्धवट स्वरूपात अन्यत्र मिळतेच.

तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांनी कारखान्यांच्या परिसरातील कामगारांची वस्ती, मालमोटारींचे थांबे व आठवडे बाजार येथे चाचणी व निरोध यांची सोय पोहोचते किंवा नाही हे पाहावे. तोडणी हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मुकादम टोळ्या बांधू लागण्याच्या सुमारास, औषधांच्या आगाऊ वाटपाची आठवण सर्व संबंधितांना करून दिल्यास शेकडो मैल दूर गेलेल्या कामगारांच्या उपचारात खंड पडणार नाही. १०९७ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर कोणासही आपले नाव न सांगता सल्ला घेता येतो. हा क्रमांक पंचायत कार्यालय, शाळा व दवाखाना यांच्या दर्शनी फलकावर लिहिलेला असावा.

एका व्यक्तीच्या रोजच्या एका गोळीत तिचे स्वतःचे आयुष्य, तिच्या जोडीदाराचे आरोग्य आणि तिच्या होणाऱ्या बाळाचे भवितव्य गुंतलेले आहे. ती गोळी वेळेवर घेतली जाईल की लपविलेल्या बाटलीत राहून जाईल, हे पुष्कळ अंशी तिच्या घराच्या व गावाच्या वागणुकीवर ठरते. औषधाचा भार शासनाने उचलला आहे. ते निर्भयपणे घेता यावे असे वातावरण निर्माण करण्याचे काम अधिकारी, शिक्षक व लोकप्रतिनिधी यांनी एकदिलाने हाती घेतल्यास या रोगाविरुद्धचा लढा निश्चितच पुढे जाईल.